येलदरीच्या वाऱ्यात मुक्काम

बाहेर जायचं असलं की श्रद्धा आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची. लग्न असो, बारसं असो की दवाखाना. तीन वर्षांपूर्वी पिंगळीच्या शाळेत शिकवून परभणीला घरी येताना तिच्या स्कूटीला उसाच्या ट्रॉलीचा धक्का बसला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. चाकाच्या खुर्चीची सवय तिनं करून घेतली होती. घरी शिकवण्या घ्यायची, ओट्याची उंची कमी करून घेऊन स्वयंपाकही करायची. पण दुसऱ्याच्या घरी खुर्ची आत जाईल एवढं न्हाणीघराचं दार कुठंच नसायचं. शिवाय पायऱ्या आल्या की चार पुरुष पुढं होत, खुर्ची उचलत, आणि सगळा मांडव तिच्याकडं बघत बसे. शेवटी तिनं जाणंच सोडलं.

निवेदिता आणि सविता या तिच्या डी.एड.पासूनच्या मैत्रिणी. निवेदिता परभणीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती, एकटी राहायची आणि एकदा डोक्यात आलेली गोष्ट सोडत नसे. सविताला नोकरी लागली नाही. लग्न करून ती पालमकडच्या एका गावात गेली आणि नवऱ्याच्या बरोबरीनं शेती करू लागली. तिघींनी मिळून कुठंतरी फिरायला जायचं, हे वर्षानुवर्षं नुसतं बोलण्यात होतं.

उन्हाळ्यात निवेदितानं एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस विकत घेतली. बाकडी काढून टाकली. सिताराम नावाच्या एका वेल्डरकडून आत पलंग बसवून घेतला, पडद्याआड कमोडची खुर्ची, छताला पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. मागच्या दाराला अडकवायला लोखंडी पत्र्याच्या दोन लांब फळ्या केल्या. खुर्चीचं एकेक चाक एकेका फळीवरून वर चढेल अशा बेतानं. मग एका रविवारी ती गाडी घेऊन श्रद्धाच्या दारात आली.

"बघून तर घे," ती म्हणाली.

श्रद्धाचा नवरा सारंग गाडीभोवती फिरला. त्यानं फळ्यांवर उभं राहून पाहिलं, पडदा सारून पाहिलं. "गाडी चांगलीय," तो म्हणाला, "पण तिला रात्री कुशीवर वळवावं लागतं. जखम झाली तर महिने जातात भरायला. ही जिम्मेदारी कोण घेणार?"

"मी घेते. काही बिघडलं तर त्याच पावली परत आणीन."

"येलदरीला जाऊ," श्रद्धा मधेच म्हणाली. दोघंही तिच्याकडं पाहू लागले. "धरण भरत आलंय म्हणतात. एक रात्र राहू."

श्रावणातल्या एका शनिवारी त्या निघाल्या. सविता सकाळच्या एसटीनं परभणीला आली होती. सोबत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं ताक. गाडी निवेदिता चालवत होती. बोरी मागं पडल्यावर सवितानं ताकाचा पेला श्रद्धाच्या पुढं धरला. श्रद्धानं सवयीनं मान हलवली.

"का गं? मागं सोय हाय की."

श्रद्धानं मागच्या पडद्याकडं पाहिलं आणि पेला हातात घेतला. मग तिनं तो सगळा पिऊन टाकला आणि वर पाणीही मागितलं. जिंतूरच्या अलीकडं निवेदितानं गाडी एका लिंबाखाली उभी केली, पडदा ओढला, आणि पुढच्या सीटवर बसून दोघी मोठमोठ्यानं पिकाच्या गप्पा मारत बसल्या. पाठीमागून श्रद्धाचा आवाज आला, "झालं माझं. सोयाबीन पुरे आता."

येलदरीच्या जलाशयापाशी पोचल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. डांबरी रस्ता सोडून एक मुरमाड वाट काठाकडं उतरत होती. तिथं मासे धरणाऱ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या, एकही पाण्यात नव्हती. पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि त्या सगळ्या पाण्यावरून वारा सरळ अंगावर येत होता. लाटा काठावर आपटून गढूळ फेस टाकत होत्या.

होडीच्या आडोशाला जाळं शिवत बसलेला एक माणूस उठून आला. त्याचं नाव सिद्धोधन. "इथं मुक्काम करायलाव का ताई? वारं लय खराब हाय. आमीच दोन दिवस झाले पाण्यात गेलो न्हाई. वर सरकारी विश्रामगृह हाय, तिथं विचारा."

"पायऱ्या आहेत का तिथं?" श्रद्धानं खिडकीतून विचारलं.

"हायेत की. बऱ्याच हायेत."

"मग इथंच बरं."

निवेदितानं गाडीच्या छताला ताडपत्री बांधून बाहेर बसायला सावली करायचं ठरवलं होतं. दोघींनी मिळून ती बांधली. पहिल्याच मोठ्या झोतात तिचं एक टोक फाटलं, दुसऱ्यात दोरी तुटली, आणि ताडपत्री होड्यांवरून उडत जाऊन बाभळीत अडकली. सिद्धोधननं ती काढून आणली तेव्हा तिच्या चिंध्या झाल्या होत्या. चूल मांडायचा तर प्रश्नच नव्हता.

मग त्यांनी मागचं दार उघडून फळ्या लावल्या. श्रद्धा खुर्चीत बसून दाराशी आली होती. तिला उतरवायच्या आधी निवेदिता स्वतः फळीवर चालून बघायला गेली, ते बरं झालं. पावसानं भिजलेल्या जमिनीत फळीचं खालचं टोक धसलं, वर ताण आला आणि दाराला अडकवलेला हूक वेल्डिंगपासून तुटला. निवेदिता गुडघ्यावर पडली. तुटका हूक तिनं हातात घेऊन पाहिला. खुर्ची आता उतरणार नव्हती.

तेवढ्यात श्रद्धाचा फोन वाजला. सारंग होता. वाऱ्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळं त्याचा आवाज आणखी काळजीचा वाटत होता. श्रद्धानं सगळं खरं सांगितलं, ताडपत्रीचं आणि हुकाचंही. त्यानं फोन निवेदिताकडं द्यायला लावला. निवेदिता "हो, हो" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "उजेड आहे तोवर निघू. मी शब्द दिलाय त्यांना."

"कुणाला विचारून दिलास?"

"श्रद्धा, गाडी हलायली वाऱ्यानं. फळी तुटली. काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"माझ्याबद्दल शब्द देताना मला विचारायचं असतं," श्रद्धा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं हेच चाललंय. कुठं न्यायचं, कधी आणायचं, किती वेळ बसवायचं, सगळे आपसात ठरवतात. चांगल्यासाठीच ठरवतात, मला माहीत आहे. तू एवढी गाडी केलीस, मला रडू आलं होतं. पण मी सामान नाही, निवू. मला राहायचंय. सकाळी मी पाण्यापाशी जाणार."

"कशी जाणार?"

"ते आत्ता मला माहीत नाही."

निवेदिता आपटलेल्या गुडघ्यावरची माती झटकू लागली. सवितानं आत शेगडी पेटवली, कांदा चिरायला घेतला. "मी खिचडी टाकायलेय," ती म्हणाली. "भांडायचं तर जेवून भांडा. आणि ती फळी आत घ्या, वाऱ्यानं कुणाच्या पायावर पडंल."

निवेदितानं फळ्या आत घेतल्या. मग गाडी फिरवून तिची पाठ वाऱ्याकडं केली, म्हणजे हेलकावे कमी बसतील, आणि चाकांना दगड लावले. सारंगला फोन करून तिनं सांगितलं, "आमी राहायलोत. श्रद्धाचं म्हणणं आहे, आणि मला पटलंय." पलीकडून तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही.

रात्रभर वारा थांबला नाही. सविता आणि निवेदिता आळीपाळीनं उठल्या, श्रद्धाला कुशीवर वळवलं, पाठ तपासली. पहाटे श्रद्धा जागी झाली तेव्हा दोघी पलंगाशेजारी खाली घोंगडीवर गाढ झोपल्या होत्या. ती त्यांना न उठवता मागच्या दाराच्या काचेतून बाहेर बघत पडून राहिली. काठ, चिखल, उंची, दाराजवळचा लोखंडी गज. सगळं ती मनात मोजत होती.

चहा झाल्यावर तिनं सांगितलं. "खुर्ची खाली ठेवा, दाराला लागून. दोन्ही फळ्या जमिनीवर आडव्या टाका आणि त्यांच्यावर ठेवा, म्हणजे रुतणार नाही. मी गजाला धरून उतरते."

"मी घेते की पाठकुळी," सविता म्हणाली. "ज्वारीचं पोतं उचलती मी."

"माहीत आहे. पण नको."

ती पलंगावरून गाडीच्या तळावर उतरली आणि हातांवर रेटत, पाय मागं ओढत दाराच्या कडेपर्यंत आली. खुर्ची तिथून हातभर खाली होती. दोघींनी ती दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. श्रद्धानं गज पकडला आणि अंग खाली सोडलं. त्याच वेळी वाऱ्यानं दार तिच्या खांद्यावर आदळलं, हात निसटला आणि ती अर्धी कडेवर, अर्धी हवेत अशी लटकली. कोपर सोलून निघालं. निवेदितानं खुर्ची सोडून तिला कवेत घेतलं.

"सोड," श्रद्धा दातांवर दात ठेवून म्हणाली. "दार धर. मला नको, दार धर."

निवेदितानं क्षणभर तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हात काढून दार धरलं. श्रद्धानं दोन्ही हातांनी गज पकडून अंग वर ओढलं, श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा हळूहळू खाली आली. मग ती खुर्चीत बसली. सवितानं पदर ओला करून तिचं कोपर पुसलं.

पाणी एका हाकेच्या अंतरावर होतं, पण मधे सगळा गाळ. फळ्या संपल्या की खुर्ची रुतायची. तेव्हा श्रद्धानं पलंगाखालचं प्लायवूड काढायला सांगितलं. खुर्ची फळ्यांवर असताना पुढं प्लायवूड टाकायचं, खुर्ची त्यावर घ्यायची, मग मागच्या फळ्या उचलून पुन्हा पुढं. वारा प्लायवूड हातातून हिसकावत होता. सविता एकदा त्याच्यासकट खाली आपटली, साडी गाळात माखली आणि ती हसत सुटली. सिद्धोधन लांबून पाहत होता, तो आला आणि त्यानं नुसतं विचारलं, "कोणतं उचलू?"

"मागच्या फळ्या," श्रद्धा म्हणाली.

शेवटी प्लायवूड लाटेच्या हद्दीत पडलं. पाणी आलं, तिच्या पावलांवरून गेलं, मागं सरलं. तिला ते कळलं नाही, फक्त दिसलं. मग पुढची लाट फुटली आणि तिचे तुषार चेहऱ्यावर, मानेवर, सोललेल्या कोपरावर आले. ते तिला कळलं. कोपर चांगलंच झोंबलं. ती डोळे न मिटता बसून राहिली. निवेदिता आणि सविता दोन्ही बाजूंना पाण्यात उभ्या होत्या आणि वाऱ्यामुळं कुणी काही बोलण्यात अर्थ नव्हता.

मागून मोटारसायकलचा आवाज आला तो आधी सवितानं ऐकला. सारंग होता. पहाटेच परभणीहून निघाला असावा. मोटारसायकल उताराला टाकून तो धावत गाळात शिरला, तसा श्रद्धानं हात वर केला.

"थांबा तिथंच."

तो थांबला. बूट घोट्यापर्यंत रुतले होते. "उतरलीस कशी तू?" त्यानं ओरडून विचारलं.

"हातानं," ती ओरडली. "परत पण तशीच चढणार. तुमी आलात ते बरं केलंत. प्लायवूड उचलायला माणूस पाहिजे होता."

सारंगला पुढं येऊन तिला उचलून घ्यायचं होतं, हे लांबूनही दिसत होतं. मग त्यानं खाली वाकून बूट काढले, पँट वर दुमडली आणि विचारलं, "कुठून धरू?"

परतीचा रस्ता चढाचा होता. गाडीपाशी आल्यावर गाद्या आणि प्लायवूड एकावर एक रचून त्यांनी मधली पायरी केली. उतरताना हे कुणालाच सुचलं नव्हतं. खुर्चीतून पायरीवर जायला श्रद्धाला दोनदा प्रयत्न करावा लागला, पायरीवरून गाडीत जायला तीनदा. सारंग दार धरून उभा होता. प्रत्येक वेळी त्याचे हात पुढं यायचे आणि तो ते मागं घ्यायचा. शेवटी ती आत पोचली आणि तळावरच उताणी पडून छताकडं बघत धापा टाकत राहिली.

"चहा ठेव गं," तिनं सविताला सांगितलं. "आणि ह्यांना टॉवेल दे."

सारंग दाराच्या कडेवर बसला. त्याचे पाय खाली गाळानं काळे झालेले लोंबत होते. त्यानं श्रद्धाचं कोपर हातात घेऊन जखम बघितली, फुंकर मारली. "हळद लावायला पाहिजे," तो म्हणाला. निवेदिता हळदीचा डबा शोधू लागली. वाऱ्यानं शेगडी दोनदा विझली. तिसऱ्या वेळी सविता दाराकडं पाठ करून शेगडीसमोर बसली, आणि चहा उकळेपर्यंत तिथून हलली नाही.