बुटकीची काळी बाजू

आमच्या बंदरातल्या दीपस्तंभाला सगळे बुटकी म्हणतात. उंची बेताची, अंग दगडी आणि ताठा थेट आमच्या आत्याचा. अर्धी पांढरी, अर्धी काळी. समुद्रातून येताना पांढरी बाजू दिसली तर सरळ आत या. काळी दिसली तर पुढे खडक आहेत, होडी वळवा. आत्याच्या आजोबांपासून आमचंच घर तिला एका अंगाला चुना आणि दुसऱ्या अंगाला डांबर लावत आलं.

नव्या धक्क्यावर विजेचा दिवा आला आणि बुटकी बंदराच्या साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागली. आधी म्हणाले, पाडू. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा म्हणाले, जतन करू. जतन म्हणजे काय, तर बाकडी, कुंड्या आणि चारी अंगांनी पांढराशुभ्र रंग. काळी बाजू फोटोत वाईट दिसते म्हणे! आत्या कचेरीत जाऊन घसा कोरडा करून आली. साहेबांनी चहा पाजून तिची बोळवण केली.

उद्घाटनाच्या सकाळी धुकं होतं. आठवडाभर समुद्रावर असलेल्या माझ्या दादाला नव्या रंगाचं काय माहीत? त्याला पांढरं दिसलं, तो सरळ आला आणि होडी खडकावर घासली. फुटक्या तळातलं पाणी उपसत कसाबसा धक्क्याला लागला.

"पांढरी दिसली गं, म्हणून आलो," एवढंच म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या घरात गेली आणि डांबराचा डबा घेऊन आली. बुटकीच्या दारापाशी साहेब कात्री घेऊन फीत कापायच्या तयारीत होते. आत्या फितीखालून वाकून पलीकडे गेली आणि तिने भिंतीवर पहिला फटकारा मारला.

"अहो बाई, हे काय चालवलंय?"

"तुम्ही पुसलंत ते परत लिहितेय. माझा भाचा आज मरता मरता वाचला."

"असा हट्ट कराल तर नाइलाजाने पाडायचा हुकूम काढावा लागेल."

"काढा की! पाडायची तर पाडा. पण उभी आहे तोवर तिला खोटं बोलू देणार नाही."

साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर शिंतोडे उडाले. मला मनापासून आनंद झाला, लपवत नाही. मी दुसरा ब्रश उचलला. दादा ओल्या कपड्यांनिशीच शिडी धरायला आला. टाळ्या वाजवायला बोलावलेली माणसं हळूहळू पांगली. कोळणी तेवढ्या थांबल्या आणि साहेबांना कुंड्यांचा भाव विचारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बुटकीच्या दारावर नोटीस चिकटली. जाड अक्षरं, गोल शिक्का. आत्याने चष्मा लावून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग ब्रश बुडवला.

दार काळ्या बाजूला आहे. तिने नोटिशीवरूनही डांबर फिरवलं, कोपऱ्यांसकट.