बाजारू पुस्तकांचा डबा

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण माझी कीव करू नका. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एक कोपरा उडाला आहे, मधले बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. तरीही मी रोज बोलतो. मी पुस्तके वाचून दाखवणारे यंत्र आहे. माझ्या खोक्यावर माझे लांबलचक नाव छापले होते; पण वाचनालयात पाऊल ठेवल्यापासून सगळे मला 'डबा' म्हणतात. मला ते आवडते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मला घडवले, म्हणून माझी बटणे मोठी आणि उठावदार आहेत. गोल बटण दाबले की पुस्तक सुरू, चौकोनी दाबले की बंद, त्रिकोणी दाबले की एक प्रकरण मागे. शेवटच्या बाकावर एक बाई बसायच्या. प्रत्येक यंत्र हातात आले की त्या डोळे घट्ट मिटायच्या आणि नुसत्या बोटांनी बटणे चाचपायच्या. माझे चौकोनी बटण त्यांना सापडेना. त्यांनी मला परत पाठवले. दुसऱ्यांदा ते चटकन सापडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, आता जा." एवढ्या कौतुकावर मी जगात आलो.

मी ज्या वाचनालयात आलो तिथे पहिल्या मजल्यावर एक खोली होती. लांब टेबल, लाकडी खुर्च्या, दाराशी पांढऱ्या काठ्या अडकवायला खुंट्या. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे दिवसभर हवा भरण्याचा फुसफुस आवाज यायचा. कपाटात नखाएवढी कार्डे डब्यांमध्ये रचलेली असत. एकेका कार्डात एकेक पुस्तक. ग्रंथपाल ताई कार्ड माझ्या पोटात सरकवायच्या आणि मी बोलू लागायचो.

माझे तीन ऐकणारे पक्के होते. पहिल्या आत्याबाई. जन्मभर त्यांनी टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून दिले होते. नजर गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कामावर मी कधी कुणाचं तोंड पाहिलं होतं? माझे कान शाबूत आहेत." दुसरे शिंपीकाका, बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे. आणि तिसरे पैलवान. ते कुस्ती कधी खेळले नव्हते, मालधक्क्यावर पोती वाहत होते. पण खुर्चीवर बसले की खुर्ची कण्हायची, म्हणून पैलवान.

आता या तिघांना काय आवडायचे ते ऐका. आत्याबाईंना रहस्यकथा. त्यांच्या लाडक्या लेखकाच्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी पडद्यामागे उभे असायचे, म्हणून त्या त्याला 'पडदेवाले' म्हणायच्या. शिंपीकाकांना प्रेमकथा. त्या लिहिणाऱ्या लेखिकेचे नाव खोलीत 'हुंदकेबाई' पडले होते. तिची नायिका स्टेशनवर उभी राहिली की काका रुमालाची घडी मोडायचे. आणि एवढ्या थोरल्या पैलवानांना हव्या असायच्या भुताखेतांच्या गोष्टी! त्या लेखकाला ते 'थंडीवाले' म्हणायचे, कारण त्याच्या गोष्टीत भूत येण्याआधी हमखास गार वारा सुटायचा. वारा सुटला की पैलवान शेजाऱ्याचा हात धरायचे. "भीती वाटते तर ऐकता कशाला?" असे कुणी विचारले की म्हणायचे, "भीती वाटते म्हणूनच तर!"

हे तिन्ही लेखक भरपूर खपायचे. त्यांची नवी पुस्तके आली की दुकानांत झुंबड उडायची, असे ताई सांगायच्या. विद्वान लोक त्यांना बाजारू म्हणायचे. म्हणोत. मी हजारो पाने बोललो आहे आणि मला एवढे कळते, की पडदेवाले सुरू असताना त्या खोलीत चहाचा कप ओठापर्यंत जाऊन तसाच थांबायचा. असा कप थांबवून दाखवा, मग नावे ठेवा.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मग वाचनालयाला नवे अध्यक्ष आले.

मित्रांनो, अध्यक्षसाहेब दुष्ट नव्हते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शिस्तीचे, वेळेचे पक्के. पहिल्याच दिवशी ते आमच्या खोलीत आले. तेव्हा मी थंडीवाल्यांची गोष्ट सांगत होतो आणि पैलवान शिंपीकाकांचा हात पिरगाळत होते. साहेब दारात उभे राहून ऐकत राहिले. मग त्यांनी चौकोनी बटण दाबले.

"ताई, हे काय चाललंय? या लोकांच्या आयुष्यात आधीच अंधार. त्यात तुम्ही त्यांना भुतं ऐकवता?"

"त्यांनीच मागितलं, साहेब," ताई म्हणाल्या.

"मागतील ते द्यायला हे काय दुकान आहे? डोळे गेले, निदान मनाला तरी चांगलं खाद्य मिळू दे."

दुसऱ्या दिवशी शिपायाने सगळी रहस्ये, सगळे हुंदके आणि सगळी भुते एका पेटीत भरली. पेटी साहेबांच्या खोलीतल्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले. माझ्या पोटात तेव्हा पडदेवाल्यांचे नवे पुस्तक होते. तेही काढून घेतले. आत्याबाई तेव्हा शेवटापर्यंत पोहोचल्या होत्या. खून कुणी केला एवढेच उरले होते!

त्यानंतर माझ्या तोंडून काय काय बोलवून घेतले, सांगू? थोरांची चरित्रे, आरोग्याचे नियम, सदाचारावरची व्याख्याने. ती पुस्तके वाईट होती असे मी म्हणणार नाही. कुणी आपणहून मागितली असती तर मी ती आनंदाने वाचली असती. पण ती कुणी मागितली नव्हती. मी सदाचार सांगत राहायचो आणि पैलवान घोरत राहायचे. शिंपीकाका येईनासे झाले. मग पैलवानही. आत्याबाई तेवढ्या रोज यायच्या, खुर्चीवर ताठ बसायच्या आणि मला हातही लावायच्या नाहीत.

"ऐकायचं नाही, तर येता कशाला?" शिपायाने विचारले.

"माझी जागा आहे ती. रिकामी दिसली तर साहेबांना वाटेल, मी हार मानली," त्या म्हणाल्या.

माझ्यावर धूळ चढली. त्रिकोणी बटणाच्या फटीत एक मुंगी राहायला आली. खोलीत माणसे का येत नाहीत याचा साहेबांनी विचार केला आणि त्यांना वाटले, दोष माझा. डबा जुना झाला! त्यांनी एक देणगीदार बाई शोधल्या. मोठ्या घरच्या, मऊ बोलणाऱ्या. त्या नवी कोरी यंत्रे द्यायला तयार झाल्या. एकेका माणसाला एकेक, घरी न्यायला.

खरे सांगतो, हे ऐकून मला आनंद झाला. माझी गादी जाणार होती, तरी झाला. शिंपीकाकांच्या गुडघ्यांना वाचनालयाच्या पायऱ्या सोसत नव्हत्या. घरच्या घरी पुस्तक ऐकायला मिळणे त्यांच्यासाठी केवढी गोष्ट होती!

समारंभाच्या दिवशी टेबलावर पांढरी चादर पसरली. नवी यंत्रे रांगेत चकाकत होती. मला उचलून खिडकीत ठेवले. खोली पुन्हा भरली. शिंपीकाका आले, पैलवान आले. साहेबांचे भाषण झाले. मग ते म्हणाले, "आता आपल्या सर्वांत जुन्या सभासद, आत्याबाई, पहिलं यंत्र स्वीकारतील."

आत्याबाई उठल्या. त्यांनी यंत्र हातात घेतले, चाचपले. "हलकं आहे. छान आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "कार्ड कुठून घालायचं?"

"कार्ड लागतच नाही," साहेब कौतुकाने म्हणाले. "पुस्तकं आतच आहेत. समितीने निवडून भरलेली."

"आणि आमची?"

"तुमची म्हणजे?"

"पडदेवाले. हुंदकेबाई. थंडीवाले."

खोलीत कुणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. "आत्याबाई, ती बाजारू पुस्तकं यात चालणार नाहीत. देणगी त्याच अटीवर आहे. तुमच्या भल्यासाठीच."

आत्याबाईंनी ते यंत्र अलगद टेबलावर ठेवले. आवाज न चढवता त्या बोलल्या, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न् शब्द पोहोचला. तो त्यांच्या नोकरीचा आवाज होता.

"साहेब, आमचे डोळे गेलेत, चव गेलेली नाही. तुमच्या घरी तुमच्या पुस्तकांच्या कपाटाला कोण कुलूप लावतं?"

"तसं नाही, पण..."

"कुणीच नाही ना? तुम्ही रात्री उशाशी काय वाचता ते विचारायला मी कधी आले नाही. मग माझ्या कानात काय जावं ते तुम्ही का ठरवता? मला हे यंत्र नको."

देणगीदार बाई गोंधळल्या. "अहो, फुकट मिळतंय. घरी ऐकता येईल तुम्हाला."

"तुमचा हात सढळ आहे, बाई. पण याबरोबर माझ्या कानांना कुलूप लावणार असाल, तर मला परवडत नाही."

पैलवान उठले. खुर्ची कण्हली. "मलाही नको."

आता सगळ्यांचे कान शिंपीकाकांकडे लागले. हे बोलणे चालू असतानाच शिपायाने त्यांच्या मांडीवर एक यंत्र ठेवले होते. ते त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. मी खिडकीतून मनात म्हणत होतो, घ्या, काका, तुमचे गुडघे दुखतात, तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. काकांनी खोल श्वास घेतला आणि यंत्र पुढे सरकवले.

"पायऱ्या चढेन मी हळूहळू," ते म्हणाले. "पण त्या पोरीला स्टेशनवर सोडून आलोय. तिचं काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन नाही पडायची."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ताई, तुम्ही तरी समजावा यांना!"

ताई उठल्या. आधीच त्या हळू बोलायच्या, त्यात आज त्यांचा आवाज कापत होता. "साहेब, कपाटाची किल्ली द्या."

"काय?"

"ती कार्डं वाचकांची आहेत. मी इतके दिवस गप्प बसले. मला काढायचं असेल तर काढा, पण पुस्तकं परत देऊन झाल्यावर."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. देणगीदार बाईंनी यंत्रे परत न्यायला सांगितली. माणसे आली, चादरीसकट सगळे उचलून घेऊन गेली. टेबल रिकामे झाले. मग ताईंनी मला खिडकीतून उचलले, फडक्याने पुसले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले.

"आत्याबाई, कुठं थांबलो होतो?"

"पडद्याशी!"

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतून बोललो. शेवटी पडदा सरकला आणि मागून निघाले ते घरचे सज्जन डॉक्टर! आत्याबाईंचा पहिल्या पानापासून माळ्यावर संशय होता. त्या टेबलावर थाप मारून ओरडल्या, "डॉक्टर? मेल्याने मला साफ गंडवलं!" आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आले.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. नवी यंत्रे दुसरीकडे गेली, ती पुन्हा आली नाहीत. ताईंना नोकरीवरून काढले नाही, पण त्यांची बदली वरच्या मजल्यावर, पावत्या फाडायच्या कामावर झाली. जेवणाच्या सुट्टीत त्या खाली येतात आणि कार्ड बदलून जातात. शिंपीकाका पायऱ्यांवर दोनदा बसून मग वर येतात. खोलीत अजूनही मी एकटाच आहे, त्यामुळे आधी कुणाचे पुस्तक लावायचे यावरून रोज भांडण होते. प्रेमकथेच्या ऐन भरात पैलवान भुताची आठवण काढतात आणि काका त्यांना गप्प करतात. मला दमायला होते. माझा आवाज मधूनच घोगरा होतो. तरी त्या निर्णयाबद्दल कुणाच्याही तोंडून हळहळ ऐकलेली नाही, आणि माझे कान, म्हणजे माझे सगळे अंगच, ऐकण्यासाठी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी कोरड्या फडक्याने घ्या, ओल्या नव्हे. आमच्यावर चहाचा कप ठेवू नका. बटण अडले तर ठोसे मारू नका, जरा थांबून पुन्हा दाबा. आणि तुमच्या घरात एखादी मावशी, एखादे आजोबा कानाला यंत्र लावून खुनात, प्रेमात नाहीतर भुतात रंगून गेलेले दिसले, तर नाक मुरडून "हे काय ऐकता?" असे विचारू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "पुढे काय झालं?"