भिंतीला लावलेले कपाट

मित्रांनो, कुंभार पिंपळगावच्या वाचनालयात काचेच्या दारांचे जे जुने कपाट आहे, ते मी. उद्या मी नसेन, म्हणून सांगायचे ते आजच सांगून टाकते.

मला लालमियाँ सुताराने घडवले. समितीने आंब्याच्या स्वस्त फळ्या आणून दिल्या, तरी म्हाताऱ्याने जीव ओतून रंधा मारला. जाताना त्याने ग्रंथपाल काकासाहेबांना बजावले, "भिंतीपासून हातभर लांब ठिवा. ओल लागली की संपलं बघा."

काकासाहेबांनी मान डोलावली आणि आठ दिवसांत खुर्च्यांना जागा हवी म्हणून मला भिंतीला चिकटवले. माणूस वाईट नव्हता हो. फक्त 'हो' म्हणायचा आणि विसरायचा.

माझ्या पोटात साठ नवी कोरी पुस्तके आली. केवढा माझा तोरा! पोरे काचेला नाक लावून बघायची. पण काकासाहेबांनी मला कुलूप ठोकले. तपासणीला साहेब येणार, त्यांना पुस्तके कोरी दिसली पाहिजेत! पुस्तक वाचल्याने खराब होते, अशी त्या भल्या माणसाची पक्की समजूत.

लालमियाँची नात साजिया आईबरोबर आठवडी बाजारात बांगड्या विकते. दुपारी गिऱ्हाईक पांगले की आईकडून अर्धा तास मागून घेऊन ती इकडे पळत यायची. आठवड्यात तिला सवड ती एवढीच. आजोबांची नजर अधू होत चालली होती. माझ्या मधल्या फळीवर झाडांविषयीचे एक जाड पुस्तक होते. जन्मभर लाकूड हाताळलेल्या आजोबांना ते वाचून दाखवायचा तिने शब्द दिला होता.

"काका, ते झाडांचं पुस्तक द्या ना. पुढच्या बाजारी बराबर आणून देते."

"तपासणी होऊ दे पोरी, मंग ने."

दर बाजारी हेच. तपासणी लांबत गेली. दोन पावसाळे सरले. तिकडे लालमियाँचे डोळे गेले आणि इकडे भिंतीतून वाळवी माझ्या पाठीत शिरली. समोरून सारे झकपक, आतून सारे पोकळ. मला कळत होते, पण लाकडाला वाचा कुठली!

आज सकाळी साहेब आले. काचेतूनच बघून, चहा पिऊन गेले. दुपारी साजिया आजोबांचा हात धरून हजर. काकासाहेबांनी हसत कुलूप काढले. तिने पुस्तक ओढले, तर हातात नुसते कव्हर आले आणि पायांवर माती सांडली. तिने दुसरे ओढले, तिसरे ओढले. साठांतले एकही धड नव्हते.

लालमियाँने चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवला. फळी बोटांखालीच चुरली.

"भिंतीला लावलं व्हतं ना?"

काकासाहेब फक्त 'हो' म्हणाले.

साजियाने मातीतून अर्धे पान शोधले. कडुनिंबावरच्या चार ओळी होत्या. तिने त्या आजोबांना वाचून दाखवल्या. रडू आवरत पुन्हा वाचल्या. तेवढ्यात तिचा अर्धा तास संपला.

उठताना लालमियाँ म्हणाला, "उद्या जाळून टाका ह्याला. न्हाई तर बाकीच्या कपाटांत शिरंल." ज्या हातांनी घडवले, त्यांचाच हा निकाल. तो बरोबरच आहे, तरी फार लागला.

मित्रांनो, वाचून वाचून फाटलेले एखादे पुस्तक एकदा तरी पोटात ठेवावे, एवढीच माझी इच्छा होती. तुमच्या गावात माझे कुणी भावंड असेल, तर आजच त्याला भिंतीपासून ओढा, त्याचे कुलूप काढा. आणि अर्धा तास घेऊन कुणी दाराशी आली, तर तिला पुढच्या बाजाराचा वायदा देऊ नका.