तानुबाईंची चूळ

मी ब्रश बोलतोय, दात घासायचा. पण तुमच्या घरातल्या ताठ केसांच्या ब्रशांसारखा मी नाही. माझे केस इतके मऊ, की दुकानदाराने मला लहान मुलांच्या खणात ठेवलं होतं. तो अपमान गिळून मी नाशिकच्या एका दवाखान्यात आलो. इथे किडनी बिघडलेल्यांचं डायलिसिस होतं, म्हणजे मशीनने रक्त गाळतात. त्यांच्या हिरड्यांना जरा लागलं तरी रक्त येतं, म्हणून माझ्यासारखा नाजूक गडी लागतो.

मला मागवलं तृप्ती सिस्टरनी, पेठ तालुक्यातल्या तानुबाईंसाठी. त्यांचं तोंड आतून सोललेलं, वास असा की मुलगा मनोजही मान वळवून बोलायचा. घास म्हणून घशाखाली उतरेना. "उद्यापर्यंत जेवल्या नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. मनोजचा चेहरा पडला.

सिस्टर मला घेऊन आल्या की तानुबाई ओठ घट्ट मिटायच्या. सिस्टर समजूत घालायला लागणार, तोच पलीकडचं मशीन ओरडायचं आणि त्या धावायच्या. मी कोरडाच परत पेल्यात. खरं सांगतो, मला म्हातारीचा राग यायला लागला होता.

डॉक्टर नळीचं बोलले त्या दुपारी मात्र सिस्टर स्टूल ओढून बसल्याच. "मावशी, दुखतं म्हणून नको म्हणता का?"

"दुखतं तं हायच. पन तुमीच सांगितलं ना, पानी मोजून प्यायचं? चुळीत घालवलं तं प्यायला काय उरंल?"

 सिस्टरनी लगेच दोन पेले आणले, एकातल्या पाण्याने स्वतः चूळ भरली आणि ती दुसऱ्यात टाकली. "बघा, सगळं बाहेर आलं. हे पिण्याच्या पाण्यात धरायचं नाही."

तानुबाईंनी दोन्ही पेले नीट न्याहाळले आणि तोंड उघडलं. मी अगदी हळू फिरलो. थोडं रक्त आलं, सिस्टर थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. शेवटी तानुबाईंनी मोठी चूळ भरली.

"गार वाटलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मनोजने मऊ भात भरवला. "अजून हाय का रं?" आईने विचारलं, तसा तो भात आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिला. माझाही जीव भांड्यात पडला. नळी काही लागली नाही.

आता माझे केस वाकलेत, लवकरच माझ्या जागी नवा येईल. जाता जाता एवढंच सांगतो: आजारी माणूस तोंड उघडत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका, जवळ बसून विचारा.

आज शेजारच्या खाटेवर सुरगाण्याची एक नवी बाई आली आहे, ओठ मिटून. सिस्टर मशीनकडे धावल्या आहेत. तानुबाई मात्र पेला पुढे करून तिला सांगताहेत, "भर बाय चूळ, हे पानी प्यायच्या पान्यात धरत नाय."