वन्संचं मशीन

आमच्या वन्सं एका मोठ्या ऑफिसात मेनफ्रेम सांभाळतात. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा, जुन्या वळणाचा संगणक. सगळ्या ऑफिसचा कारभार त्याच्या पोटात. ते मशीन बंद झालं तर वन्संची नोकरी जाणार, नोकरीबरोबर ऑफिसने दिलेली जागा जाणार, आणि वन्सं कायमच्या आमच्याकडे राहायला येणार. नवऱ्याने हे मला जेवताना सांगितलं आणि तो पाणी प्यायला.

वन्सं वाईट नाहीत. फक्त त्या आल्या की माझ्या घरातली भांडी जागा बदलतात. मागे चार दिवस राहून गेल्या, तेव्हा निघताना म्हणाल्या, "आता कसं घरासारखं दिसतंय." दुरून डोंगर साजरे, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून त्यांच्या साहेबांनी मेनफ्रेमवर एक सॉफ्टवेअर बसवायला माणूस शोधायला घेतला तेव्हा मी लगेच तयार झाले. माझं कामच ते. फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि फुकट, सी भाषेत लिहिलेला. मशीनला नवं काम मिळालं की मशीन टिकणार, असा माझा हिशेब होता.

कम्पाइल करायला, म्हणजे तो कोड मशीनच्या भाषेत उतरवायला घेतलं तर मशीनने पहिल्याच ओळीला नकार दिला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. मेनफ्रेमचे नंबर जगावेगळे. आधी सगळा कोड त्या नंबरांत बदलून घेतला. मग कळलं की इंग्रजी 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये इथे भलतीच चिन्हं बसलेली असतात.

"असं का?" मी विचारलं.

"आमच्याकडे असंच असतं," वन्सं म्हणाल्या.

हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पुष्कळ ऐकलं होतं.

नाकी नऊ आले, पण जमलं. फाइल लहान झाली, पुन्हा होती तशी झाली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वन्संनी डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

साहेबांनी ती लहान केलेली फाइल शेजारच्या खोलीतल्या नव्या मशीनवर नेली. तिथे ती उघडेना.

"पण इथे कशाला उघडायची?" मी विचारलं.

"सगळा डेटा इथेच आणायचाय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं," साहेब म्हणाले. "तो आला की जुनं मशीन बंद."

वन्सं चष्मा पुसत राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा आणि अवलक्षण त्यांचं.

आम्ही परत मेनफ्रेमच्या खोलीत आलो. चूक मला दिसली होती. अशा प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला ओळख म्हणून चार अक्षरं असतात. मेनफ्रेमने ती स्वतःच्या नंबरांत लिहिली होती. त्याची त्याला कळत होती, बाहेर कुणालाच नाही. तिथे अक्षरांऐवजी बाहेरच्या जगाचे नंबर घातले की झालं. एका ओळीचं काम. मी वन्संना ती ओळ दाखवली.

"जमत नाही म्हणून सांगते," मी म्हणाले. "साहेबांना यातलं काही कळत नाही. दुसरा माणूस मिळेपर्यंत वर्ष जाईल."

हे मी माझ्या भांड्यांसाठी बोलतेय असं मला वाटत होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

वन्संनी ती ओळ दोनदा वाचली.

"माझ्या मशीनमधून चुकीची फाइल कधी बाहेर गेली नाही," त्या म्हणाल्या. "आता जाताजाता नको. सरक जरा."

त्यांनी ती स्वतः बदलली, कम्पाइल केलं, आणि फाइल शेजारी उघडली. साहेब "वा" म्हणाले.

पुढे रोज वन्सं फाइली पाठवायच्या आणि शेजारच्या खोलीत जाऊन एकेक तपासायच्या. सगळं रिकामं झाल्यावर मशीन त्यांनीच बंद केलं. पंख्यांचा आवाज थांबल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली. मला रडू आलं. त्यांना नाही.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "भाड्याची एक खोली बघून ठेवलीय मी. तुमच्याकडे नको. मी आलेलं तुला आवडत नाही, माहितेय मला."

ते खरं होतं. चुकीचं काही बाहेर जाऊ न देणाऱ्या बाईसमोर मला खोटं बोलवेना.

"नाही आवडत," मी म्हणाले. "तरी चला."

वन्सं एका पायरीवर थांबल्या. मग त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली.