पहिलं द्रव

ताईच्या पोटाच्या ऑपरेशनात निघालेली चरबी तिची संशोधक धाकटी बहीण स्वतः बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये घेऊन आली होती. त्या चरबीवरून जन्मभर टोमणे खाल्लेली ताई म्हणाली होती, "ने बाई. आता तरी कामाला लागू दे तिला." आणि ती लागली. त्यातल्या मूळपेशी प्लेटच्या तळाला चिकटून अशा वाढल्या, की बघतच राहावं.

तिच्या मार्गदर्शक सरांची जाळी मात्र त्या पेशींच्या मुळावर उठली. ही जखमेत बसवायची स्पंजासारखी जाळी म्हणजे सरांचा जीव की प्राण. जाळी शरीराला घातक नाही ना हे तपासायला ती पोषकद्रवात भिजवून ते द्रव पेशींना दिलं, तर सकाळी पेशी आकसून तरंगत होत्या. शेजारच्या प्लेटमध्ये साधं द्रव मिळालेल्या त्यांच्या बहिणी खुशाल दाटीवाटीने नांदत होत्या.

तरी सरांनी दोष पेशींनाच दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. मग आवाज उतरवून म्हणाले, "पहिलं द्रव ओतून टाक. जाळी पुन्हा भिजव आणि ते दुसरं द्रव दे. पास होईल."

होणारच की. जाळी बनवताना तिच्यात राहिलेलं रसायन पहिल्या द्रवात उतरून जातं, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

"सर, पेशंटच्या जखमेतून पहिलं द्रव कोण ओतून टाकणार?"

"तुझा प्रबंध माझ्या सहीवाचून अडेल, विसरू नकोस."

तिला भीती वाटली. रागही आला, आणि राग मोठा निघाला.

"अडू दे. जाळी आधी नीट धुऊन द्या, मग जशी बसवणार तशीच तपासते. ही चोरी मी करणार नाही."

"तू नाही, तर दुसरं कोणी करेल. पेशी आहेतच."

पेशी देणाऱ्याला परवानगी कधीही मागे घेता येते आणि मग त्या पेशी नष्ट कराव्या लागतात, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. तिने तिथेच ताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "सर, नमस्कार. माझ्या चरबीला लोकांनी नावं ठेवली, मी ऐकून घेतली. पण खोटी साक्ष द्यायला ती मिळायची नाही. परवानगी मागे घेतली समजा."

मेलेल्या पेशींचे फोटो तिने तेवढे ठेवले. मग जंतुनाशकाची बाटली उचलली आणि स्वतः वाढवलेल्या जिवंत पेशींवर, एकेका प्लेटमध्ये, ओतली. शेवटची प्लेट होईपर्यंत ती थांबली नाही.

"आता सुरुवात जाळी धुण्यापासून," ती सरांना म्हणाली.