धूर गेल्यावर

श्रावणनं टाचा उंचावून भिंतीतल्या भोकात हात घातला. तो कोपरापर्यंत आरपार गेला. छताच्या वीतभर खाली एक अख्खी वीट काढलेली होती.

"आजी, हे चिमणीसाठी ठेवलं काय?" तो हसला. "घर घेतलं का पहिले हे बुजवतो."

"ते बुजवायचं नाही," पंचफुला म्हणाली.

पांढरकवड्याकडच्या खेड्यातून आलेलं हे तरुण जोडपं. तीन हंगाम बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा श्रावणनं बैलजोडी विकली आणि राजूरच्या एका कोळसा डेपोत वजनकाट्यावर नोकरी धरली. घराच्या उरलेल्या पैशासाठी त्याच्या बायकोच्या, उर्वशीच्या, बचत गटानं कर्ज द्यायचं कबूल केलं होतं. सहा महिन्यांची लेक तिच्या कडेवर होती.

पंचफुलानं घर दाखवताना काहीच झाकलं नव्हतं. मोरीकडची भिंत पावसाळ्यात ओलते. घरपट्टी भरलेली आहे, ग्रामपंचायतीचा उतारा तिच्याच नावावर आहे.

"अन् सगळा पैसा मले देऊन बसू नका. दोन महिन्यांचा किराणा हाताशी ठेवा."

"असं खरं बोलसान तं गिऱ्हाईक पळून जाईन, आजी," श्रावण म्हणाला.

दोन गिऱ्हाइकं गेलीच होती, त्या विटेपायी. मुलगा इंद्रजित दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन वणीला राहायला गेला, तो या उंबऱ्यात परत आला नव्हता. घर विकलं की माझ्याकडे ये, एवढं त्यानं सांगितलं होतं. आणि या खोलीत काय झालं ते कोणाजवळ बोलू नको, हेही.

"आमच्या गावी कापसाच्या पऱ्हाट्या जाळायचो," उर्वशी म्हणाली. "घरभर धूर, डोळे फुटायचे. इथं कोळसा हाय, बरं हाय. सिगडी बाहेर पेटवायची. धूर गेला, कोळसा लाल झाला, का आत आणायची. लेकरू गरम झोपते. पण हे भोक असलं तं गरमी टिकन कशी?"

पंचफुलाचा हात खिडकीच्या कडीवर गेला. तिनं कडी सरकवली, पुन्हा उघडली.

"मी बी तसंच केलं. धूर जाऊ देला. लाल झाल्यावरच आत आणली."

श्रावणनं भोकातला हात खाली घेतला.

"कवेलूच्या छपरातून हवा फिरते, पोरी. याच्यावर स्लॅब हाय. धुराचा वास तरी येते. लाल कोळशाचं जहर असते, त्याले वास नसते." ती कडीकडेच बघत होती. "दोन नाती होत्या मले, इंद्रजितच्या पोरी. एक पाच वर्षांची, एक तीन. खिडकी बी मीच लावली, थंडी लागू नाही म्हणून. अन् मी निजली सैपाकखोलीत. सकाळी चहा झाल्यावर उठवाले गेली. मले वाटलं, झोपल्या हायत. अंग गरमच होतं त्याहिचं. ही वीट मंग काढली मी."

उर्वशीनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ती बाहेर ओसरीत जाऊन उभी राहिली.

"गटाच्या बायांले विचारून सांगतो, आजी," श्रावण चप्पल घालता घालता म्हणाला.

पंचफुलानं खिडकी उघडीच ठेवली.

रविवारी तिनं वणीला फोन लावला.

"सांगतलं काय तू?" इंद्रजितनं विचारलं.

"हो."

इंद्रजितनं फोन ठेवून दिला.

पौषात थंडी वाढली. दिवेलागणीला ती दळण घेऊन डेपोमागच्या वाटेनं परतत होती. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत, अगदी शेवटच्या खोलीत, श्रावण राहतो असं तिनं दुकानात ऐकलं होतं. त्या दारापुढे, उघड्यावर, सिगडी ठेवलेली होती. कोळसा लाल होऊन आता वर राख धरत होता. सिगडीजवळ कोणीच नव्हतं. खिडकीचं एक दार उघडं होतं आणि वाऱ्यानं आतला पडदा हलत होता.

आत लेकरू रडत होतं, चांगलं मोठ्यानं.

"उगी माय, उगी," उर्वशीचा आवाज आला. "दोन गोधड्या टाकल्या ना तुले."

पंचफुलानं पिठाचा डबा डोक्यावरून उतरवला आणि ती वाटेतच थांबली. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

ती हलली नाही. ते पुन्हा सुरू होईपर्यंत तिथंच उभी राहिली.